वाटेवरची बाग

(हुतात्मा दिनानिमित्त नवी पेठ, सोलापूर इथं दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)

ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी दुकानाची शटरं ओढून इथं आलेल्या नव्या पेठेतल्या मित्रांनो,

आज १२ जानेवारी. १९३१ साली याच तारखेला येरवड्याच्या तुरुंगात आपल्या शहरातल्या चौघांना फाशी दिलं. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ भगवान शिंदे आणि श्रीकिसन लक्ष्मीनारायण सारडा. त्याच्या आदल्या वर्षी, ६ एप्रिल १९३० रोजी, सोलापूरच्या नगरपालिकेवर तिरंगा चढला होता. मे महिन्यात शहर पेटलं आणि मार्शल लॉ आला. हा इतिहास इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळं तो पुन्हा सांगत बसत नाही.

आज सकाळी चार पुतळ्यांना हार घातला आणि तिथून हुतात्मा बागेत जाऊन बसलो. समोर भुईकोट किल्ल्याचा तट होता, पलीकडं सिद्धेश्वराचा तलाव. एक आजोबा नातवाला झोक्यावर बसवून हळूहळू हलवत होते. माझ्या मनात आलं, पुतळ्याचं आणि बागेचं स्मारक यांत केवढा फरक आहे! पुतळा धातूचा. वर्षातून एकदा धुऊन हार घातला तरी तो उभा राहतो. बागेचं तसं नाही. एखाद्याच्या नावानं आपण बाग करतो, तेव्हा त्या नावाला रोज पाणी घालायची हमी देत असतो. एक उन्हाळा चुकला, तर नाव पाटीवर राहतं आणि बाग जाते.

म्हणून आज हुतात्म्यांच्या स्मरणार्थ बोलायला उभा राहताना मी विषय निवडला आहे तो आपल्या सार्वजनिक बागांचा, आणि त्यातही बागा उभारण्याचा नाही, राखण्याचा. मी आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. झाड कसं वाढतं ते मला पुस्तकातून कळलं होतं. शहरात झाड कशामुळं जगतं, हे कळायला मात्र फार वर्षं लागली.

आधी आपल्या जागेविषयी. बाहेरचा माणूस नकाशा बघतो आणि सोलापूरला नदीकाठचं शहर समजतो. सीना जवळ आहे हे खरं. तिऱ्ह्याजवळून, वडकबाळजवळून ती शहराला बाहेरूनच वळसा घालते आणि हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. शहराच्या मधून मात्र वाहती नदी नाही. अदिला नावाची छोटी नदी अडवून १८७१ च्या सुमाराला इंग्रजी अमदानीत एकरुखचा तलाव झाला; आपण त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतो. सिद्धेश्वर तलाव त्याहून सात शतकं जुना. विजापूर रस्त्याला कंबर तलाव, ज्याला आता धर्मवीर संभाजी तलाव म्हणतात. आणि पिण्याचं पाणी येतं ते सुमारे शंभर किलोमीटरवरच्या उजनीहून, नळातून. नळाला पाणी कोणत्या वारी येणार यावर इथल्या घरांचं वेळापत्रक चालतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

याचा अर्थ काय? कोकणात भिंतीच्या फटीतही झाड उगवतं. आपल्याकडं जून उलटून गेला तरी आभाळाकडं बघत बसावं लागतं आणि मार्चपासून पारा चाळिशीकडं धावतो. इथल्या बागेतलं प्रत्येक हिरवं पान कुणीतरी पाणी वाहून आणल्यामुळं हिरवं आहे. सोलापुरात बाग ही निसर्गाची देणगी नव्हे, ते माणसाच्या हाताचं काम आहे. जशी आपली चादर हाताचं काम आहे. हात थांबला की काम थांबलं.

आता मी तुम्हाला आठशे वर्षं मागं नेतो, कारण राखण्याची विद्या या शहराला ठाऊक नाही असं नाही. ती आपल्याला चांगली ठाऊक आहे. आपण ती बागांना लावलेली नाही, एवढंच.

बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथं हा सिद्धेश्वर तलाव खोदवला. बसवेश्वर, अल्लमप्रभू यांच्या काळातला हा योगी. श्रम हीच पूजा, ज्याला शरण संत ‘कायक’ म्हणतात, ती त्यांची साधना. परंपरा सांगते की लोकांच्या श्रमांतून तलाव झाला, आणि शहराच्या चारी दिशांना त्यांनी ६८ लिंगं स्थापिली. आज मला त्या लिंगांविषयी एकच प्रश्न विचारायचा आहे. ती अजून जागेवर कशी?

विचार करा. या आठ शतकांत बहामनी आले, आदिलशाही आली, मोगल, पेशवे, इंग्रज आले. गिरण्या उभ्या राहिल्या आणि बंद पडल्या. पेठा वाढल्या, रस्ते रुंद झाले, शेतांचे प्लॉट पडले. ६८ छोट्या जागा, काही अगदी गल्लीच्या कोपऱ्यात, काही घरांच्या दाटीत. एवढ्या उलथापालथीत त्या नाहीशा व्हायला काही अवघड नव्हतं. पण संक्रांतीची यात्रा आली की भोगीच्या आदल्या दिवशी नंदीध्वज निघतात आणि एकेका लिंगापाशी जाऊन तैलाभिषेक होतो. आपण त्याला यण्णीमज्जन म्हणतो. यण्णी म्हणजे कानडीत तेल. उंचच उंच सात नंदीध्वज खांद्यावर तोलत माणसं दिवसभर शहर चालतात.

मी श्रद्धेनं त्या फेरीत चाललो आहे, आणि वनस्पतिशास्त्राचा मास्तर म्हणूनही चाललो आहे. त्या दुसऱ्या डोळ्यानं मला जे दिसलं ते सांगतो. फेरी येणार म्हणून आदल्या आठवड्यात प्रत्येक लिंगाभोवतीची जागा झाडली जाते. कुणी चुना लावतं. वाटेतली अडचण हटते. वर्षभरात एखादी वीट सरकली असेल तर ती कुणाच्या तरी नजरेस पडते. हे काम कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. ती जागा वाटेवर आहे, म्हणून ती राहिली आहे.

माझ्या सगळ्या बोलण्याचं सार एवढंच आहे. शहरात जी गोष्ट कुणाच्या तरी वाटेवर असते, तीच टिकते. बाग उभी राहते ती पैशानं आणि इच्छेनं. टिकते ती रोजच्या किंवा वर्षाच्या ठरलेल्या फेरीनं.

हे मला एका झाडानं शिकवलं. फार वर्षांपूर्वी आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन शहरातल्या एका मोकळ्या जागेवर रोपं लावली. जुलै महिना होता. पाहुणे आले, भाषणं झाली, प्रत्येक रोपाशेजारी पाटी लागली. मुलांनी मन लावून खड्डे खणले होते. मीही मनापासून बोललो होतो. दिवाळीपर्यंत पावसाच्या ओलीवर रोपं बरी होती. मग परीक्षा आल्या, मुलं पांगली, आणि माझंही तिकडं जाणं थांबलं. मे महिन्यात गेलो तेव्हा पाट्या उभ्या होत्या, रोपांच्या काटक्या झाल्या होत्या. त्या दिवशी मला फार लाज वाटली.

एक मात्र जगलं होतं. कडुलिंबाचं रोप, एका कोपऱ्यात, हातभर वाढलेलं, पानं तजेलदार. तिथं राखणदाराची खोली होती. त्याच्या बायकोला मी विचारलं, “मावशी, तुम्ही याला पाणी घालत होता काय?” त्या म्हणाल्या, “मुद्दाम कुठलं घालायचं, सर? भांडी घासायची जागाच तिथं हाय माझी.”

ते वाक्य मी विसरलो नाही. आमच्या साऱ्या रोपांच्या मागं भाषणं होती, या एका रोपाच्या मागं एक घमेलं होतं. त्या मावशींना झाडाची माया नव्हती असं नाही. पण माया असो वा नसो, भांडी रोजच घासावी लागतात. झाड त्यांच्या दिवसाच्या वाटेवर आलं आणि वाचलं. आज ते चांगलं दुमजली उंच आहे.

म्हणून बाग कशी मरते ते नीट पाहा. ती एका दिवसात मरत नाही. सुरुवात फार क्षुल्लक असते. ठिबकाच्या नळीला एक छिद्र पडतं. ती बदलायला दहा-वीस रुपयांचा तुकडा लागतो, पण तो कुणी आणायचा हे ठरलेलं नसतं. एका वाफ्याचं पाणी तुटतं. वाफा वाळतो, तण माजतं. तण दिसलं की लोक तिथं कागद टाकतात, कारण उकिरड्यात आणखी एक कागद टाकायला कुणाचा हात कचरत नाही. मग संध्याकाळचा एक दिवा जातो. दिवा गेला की त्या कोपऱ्यात बायका जायच्या थांबतात, पाठोपाठ मुलं. माणसं गेली की जी माणसं यायला नकोत ती येऊ लागतात. शेवटी कुणीतरी फाटकाला कुलूप लावतं आणि म्हणतं, लोकांना बागा राखताच येत नाहीत.

झोक्याचंही तेच. झोक्याची कडी कुरकुरते. ते कुरकुरणं म्हणजे कडी तेल मागत असते. चमचाभर तेल मिळालं नाही तर लोखंड लोखंडाला खातं, कडी पातळ होते, आणि एक दिवस पोरगं बसलेलं असताना तुटते. मग झोका काढून टाकतात. दोन खांब तसेच उभे राहतात. तुमच्या डोळ्यांसमोर आत्ता कुठले ना कुठले असे खांब आले असतील.

शहराचा कारभारही याच घोटाळ्यात सापडतो, आणि तो एकट्या आपल्या शहराचा नाही. नवं काम करायला निधी मिळतो, केलेलं काम राखायला मिळत नाही. नव्या कामाला कोनशिला असते, उद्घाटनाची तारीख असते. दुरुस्तीला कुठली कोनशिला? कायदा नाही असं नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीनं संविधानात जी बारावी अनुसूची आली, तिच्यातल्या १८ विषयांत बागा, उद्यानं आणि क्रीडांगणं स्पष्ट लिहिलेली आहेत. नागरी वनीकरणही आहे. महाराष्ट्रात १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. शहरातल्या झाडांची दर पाच वर्षांनी गणना व्हावी असं तो सांगतो. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव आलं, तेव्हा आपल्या सर्वांना अभिमान वाटला. ती योजना मार्च २०२५ मध्ये संपली. योजना संपते. झाडाची तहान संपत नाही. पुढच्या वीस वर्षांचा माळी कोण, त्याचा पगार कुठून, हे लिहिल्याशिवाय बागेचा आराखडा पुरा झाला असं मी मानत नाही.

माळी हा शब्द आला म्हणून थोडं थांबतो. बागेत सर्वांत कुशल माणूस तो असतो आणि त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. कुठल्या आळ्यात पाणी मुरतं, कुठं साचतं, कोणती फांदी पावसाआधी उतरवायला हवी, हे त्याच्या पायांना माहीत असतं. हे ज्ञान एका वर्षात येत नाही. एखाद्या जागेचे किमान तीन उन्हाळे पाहावे लागतात. ठेका बदलला म्हणून दर वर्षी माणूस बदलला, तर बाग दर वर्षी पहिल्या दिवसापासून सुरू होते. आपल्याकडं कोनशिलेवर पाहुण्यांची नावं कोरतात. माझी मागणी आहे की फाटकावर माळ्याचं नाव लिहा.

आता तुम्ही म्हणाल, फेरीनं शहर सुधारतं याला यात्रेपलीकडं काही दाखला आहे का? आहे, आणि तो मराठी राज्यातलाच आहे. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे नगररचनाकार. १९१४ साली ते हिंदुस्थानात आले. पुढं मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. गावोगावचे तलाव बुजवू नका, राखा, असं ते त्या काळात सांगत होते. होळकरांच्या इंदुरात त्यांना नगररचनेसाठी बोलावलं तेव्हा शहरात प्लेगची दहशत होती आणि लोकांचा या परक्या माणसावर विश्वास नव्हता. १९१७ ची दिवाळी जवळ आली होती. गेडिसनी जाहीर केलं की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेनं जाणार नाही. ज्या मोहल्ल्यानं आपली घरं आणि गल्ल्या सर्वांत नीट केल्या असतील, त्या मोहल्ल्यातून जाईल. घराघरांतून कचऱ्याच्या गाड्या भरून निघाल्या. भिंती रंगल्या. मिरवणुकीत प्लेगचा राक्षसी उंदीर होता, आणि स्वच्छ नवे कपडे घातलेले सफाई कामगार होते, हार घातलेले झाडू घेऊन. ज्यांना एरवी कुणी पाहत नव्हतं ते मिरवणुकीत मानानं चालले.

गेडिसनी तिथं हुकूम काढला नाही की दंड बसवला नाही. त्यांनी फक्त मिरवणुकीची वाट बदलली. इंदुरात जे बाहेरून आलेल्या माणसाला सुचावं लागलं, ते आपल्याकडं आठशे वर्षं दर संक्रांतीला घडतं आहे.

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचाही दाखला देतो. ती बाग ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही जुनी संस्था सांभाळते. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तिथं फुलांचं प्रदर्शन भरतं आणि हजारो लोक येतात. लोक येणार ही तारीख ठरलेली, म्हणून कामाचा हिशोब त्या तारखेपासून मागं मोजला जातो. रोप कधी लावायचं, खुडायचं कधी, खत कधी द्यायचं. तारीख नसलेलं काम पुढं ढकललं जातं. बागेला तारीख दिली की कामाला लगाम लागतो.

एक गोष्ट विसरून चालणार नाही. बाग कुणासाठी? ज्याच्या घराला गच्ची आहे, अंगण आहे, सुट्टीला महाबळेश्वरला जाण्याची ऐपत आहे, त्याला बाग नसली तरी चालतं. शहराच्या पूर्व भागात चला. एका खोलीत यंत्रमाग, शेजारच्या खोलीत संसार. दिवसभर मागाचा खडखडाट कानांत. घरोघर बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात, तंबाखूची धूळ छातीत भरते. त्या बाईला संध्याकाळी तासभर झाडाखाली बसायला मिळणं ही चैन नाही, ते औषध आहे. म्हणून बागेची पहिली परीक्षा कारंज्यानं करू नका. तिथं बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह आहे का? प्यायला पाणी आहे का? विडी कारखान्यात माल देऊन ती परत येते त्या वेळी फाटक उघडं असतं का? या तीन प्रश्नांना होकार मिळाला तर ती बाग, नाहीतर नुसतं कुंपण.

काय करावं, हे थोडक्यात सांगतो, कारण उपायांची लांबण लावली की त्यांतला एकही होत नाही.

झाडं इथल्या मातीची लावा. कडुलिंब, करंज, चिंच, वड, बहावा. हिरवळीचा गालिचा डोळ्यांना गोड वाटतो, पण उन्हाळ्यात तो जेवढं पाणी पितो तेवढ्यात कितीतरी झाडं जगतील. आणि गालिच्यावर मे महिन्याच्या दुपारी कुणाला बसता येत नाही, कडुलिंबाखाली येतं. बुंध्याला लागून फरशी घालू नका, मुळांना श्वास हवा. पाचोळा जाळू नका. एका कोपऱ्यात खड्डा करून त्यात टाका. झाडानं जमिनीतून घेतलेलं जमिनीला परत मिळेल. पिण्याचं पाणी माणसांसाठी ठेवा, बागेला शुद्ध केलेलं सांडपाणी द्या. आणि फाटकापाशी एक जाड वही ठेवा, दोरीनं बांधलेली. दिवा गेला, नळी फुटली, कडी कुरकुरते, ज्याला दिसेल त्यानं तारीख टाकून लिहावं. दुरुस्त करणाऱ्यानं पुढं तारीख टाकावी. दोन तारखांमधलं अंतर म्हणजे त्या बागेची प्रकृती.

पण या सगळ्याच्या आधी फेरी. आजच्या दिवशी, १२ जानेवारीला, हुतात्म्यांच्या नावानं दर वर्षी शहरातल्या बागांची फेरी निघावी असं मला मनापासून वाटतं. चार पुतळ्यांपासून निघायचं. त्या चौघांत एक धनशेट्टी होता, एक कुर्बान हुसेन, एक शिंदे, एक सारडा. वेगळ्या जातींचे, वेगळ्या धर्मांचे, एका शहराचे. बागेच्या बाकड्यावर आजही अशीच माणसं शेजारी शेजारी बसतात. त्यांच्या नावानं काढायला याहून योग्य फेरी मला सुचत नाही. प्रत्येक पेठेनं आपली बाग आदल्या आठवड्यात झाडून ठेवायची. माळ्याला पुढं चालवायचं, हार त्याच्या गळ्यात. वही उघडून सर्वांसमोर वाचायची.

सुरुवात आपल्यापासून. येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी नव्या पेठेतून निघणार आहे, चालत, हुतात्मा बागेकडं. दुकानं उघडायच्या आत आपण परत येऊ. कुणी खुरपं आणा, कुणी पाचोळ्यासाठी पोतं. मी एक छोटी बाटली घेऊन येणार आहे, झोक्याच्या कड्यांसाठी. त्या आजोबांच्या नातवाचा झोका ज्या दिवशी आवाज न करता हलेल, त्या दिवशी आपलं या वर्षीचं यण्णीमज्जन झालं असं मी समजेन.